पुढच्या तारखेपर्यंतची उमेद

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर दिवस फार लवकर उजाडतो. दादर स्थानकावर उतरलेली माणसे सहाच्या आत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या फाटकापाशी पोचलेली असतात. कुणाच्या डोक्यावर वळकटी, कुणाच्या खांद्यावर झोपलेले मूल. प्रत्येक कुटुंबात एकजण मात्र असा असतो की ज्याच्या हातात बाकी काहीच नसते, फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल असते. ती फाइल तो चहा पितानाही खाली ठेवत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘उमेद’ हा विषय कळवला, तेव्हा मला ही फाइल आठवली. गंभीर आजार झालेल्या माणसाला धीर देणारे शब्द पुष्कळ असतात, आणि ते खरेही असतात. मला पाहायचे होते ते वेगळे. या उमेदीचा खर्च कोण उचलतो? दर महिन्याला, कुणाचे नाव कुठे न छापता, कोणत्या वाटेने तो पैसा येतो आणि रुग्णापर्यंत पोचताना त्याचे नेमके काय होते? म्हणून मी परळ, दादर, कॉटन ग्रीन आणि वांद्रे या भागांत जात राहिले, लोकांशी बोलत राहिले.

जालना जिल्ह्यातले एक शेतकरी मला रुग्णालयासमोरच्या पदपथावर भेटले. सात वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग. त्यांनी आजाराचे नाव अगदी बरोबर सांगितले, ‘एएलएल’. गावाकडे ताप उतरत नव्हता, अंगावर काळेनिळे डाग यायला लागले, जिल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि चिठ्ठी देऊन सरळ मुंबईला पाठवले. “डॉक्टर म्हन्ले, लेकरू बरं होतं या आजारातून. पन दोन-अडीच वर्षं लागतील.” एवढे बोलून ते थांबले. मग म्हणाले, “ताई, बरं होतं म्हन्ल्यावर आमाला आनंद झाला. दोन-अडीच वर्षं म्हन्ल्यावर पोटात गोळा आला.”

या दोन वाक्यांमधली जागा दानाने भरायची असते. पैसा नक्की कुठे कमी पडतो हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते, असे मला आता वाटते.

औषधाच्या बाहेरचा खर्च

आपली समजूत अशी असते की कॅन्सर म्हणजे महागडी औषधे आणि दान म्हणजे त्या औषधांचे बिल. ते काही आजारांत खरे आहे. पण लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरची बहुतेक मूळ औषधे जुनी आहेत, त्यांतली बरीच जेनेरिक मिळतात. टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांना जवळजवळ विनामूल्य उपचार मिळतात, असे रुग्णालयच सांगते. केसपेपर काढतानाच ‘जनरल’ आणि ‘प्रायव्हेट’ असे वर्ग पडतात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या फाइलवर ‘एनसी’ पडते, म्हणजे नो चार्ज. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना आज वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते.

मग तरीही मुले उपचार अर्धवट सोडून का जात? कारण मुले खरोखरच जात होती. टाटा मेमोरियलच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास साधारण पाचातले एक मूल उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून घरी परतत असे. ही अशी मुले, की ज्यांच्यातली बरीचशी बरी होऊ शकली असती. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली जाते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा फरक निव्वळ डॉक्टरांच्या ज्ञानाचा नाही. निदान उशिरा होणे, औषधे न मिळणे ही कारणे आहेतच, आणि त्यांच्याच शेजारी हे कारण आहे: उपचार मध्येच सुटणे.

जालन्याच्या त्या गृहस्थांनी मला त्यांचा हिशेब सांगितला. त्यात औषध शेवटी आले. आधी आले ते राहणे. मग दोन वेळचे जेवण, मग जाण्यायेण्याचे भाडे. मग बुडालेली मजुरी, कारण दोन एकरांवर भागत नाही म्हणून दोघे नवराबायको दुसऱ्याच्या शेतातही जातात, आणि आता दोघेही इथे. मग गावी आजीजवळ ठेवलेली धाकटी मुलगी. मग विकलेली म्हैस. “म्हैस विकली तवाच समजलं, आता घरी परत गेलो तरी दूध विकत घ्यायचं.” एखादी वस्तू गेली की तिच्याबरोबर रोजचे उत्पन्नही जाते, हे कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेले नसते.

रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, सोबतच्या माणसाला या डब्यांत पाऊण भाडे माफ असते. ही फार मोठी मदत आहे, आणि पहिल्या खेपेला आलेल्या कित्येकांना ती माहीतच नसते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो मिळतो हे सांगणारे माणूस भेटणे, हीसुद्धा एक मदतच असते.

खोली, चूल आणि उकळलेले पाणी

किमोथेरपीनंतर काही दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. रुग्णांच्या भाषेत ‘काउंट खाली गेले’. तेव्हा शरीराला जंतूंशी लढता येत नाही. अशा वेळी मुलाला ताप आला तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही. लगेच रुग्णालयात पोचून शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. तोंड सोलवटते, गिळवत नाही. बाहेरचे, उघड्यावरचे, कच्चे काही खायचे नसते. पाणी उकळूनच प्यायचे.

आता हे सगळे पदपथावर राहून करून बघा.

म्हणून रुग्णालयाजवळची खोली ही केवळ सोय नसते, ती उपचाराचाच भाग असते. दाराला कडी असलेली खोली, स्वतःची चूल, स्वच्छ संडास आणि रात्री अकरा वाजता ताप आला तर गाठता येईल एवढ्या अंतरावरचे रुग्णालय. या चार गोष्टी नसतील, तर मोफत मिळालेले औषधही वाया जाऊ शकते.

हे महाराष्ट्राला फार आधी कळले होते. गाडगे महाराजांनी रुग्णांच्या नातेवाइकांचे हाल पाहिले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात धर्मशाळा उभी करवली. ज्या माणसाने स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, त्याला हे सुचले की आजारी माणसासोबत आलेल्यालाही पाठ टेकायला जागा हवी. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आज परळला उपचार घेणारे रुग्ण राहतात. संध्याकाळी तिथल्या गॅलरीत दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात स्टोव्हवर रटरटणारी मऊ खिचडी, आणि केस गेलेल्या डोक्यावर पदर घेतलेल्या बायका एकमेकींना रिपोर्ट वाचून दाखवत बसलेल्या. कोणत्या दिवशी उलट्या जास्त होतात, तोंड आले की काय भरवावे, कोणत्या खिडकीवर रांग कमी असते, हे सगळे ज्ञान या गॅलरीत हातोहात जाते. नव्याने आलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा असे कुणीतरी दिसते की जिची किमो संपली आहे आणि केस परत यायला लागले आहेत. डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही जे पटत नाही ते त्या दोन बोटे वाढलेल्या केसांकडे पाहून पटते.

परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. १९६८ पासून चालणाऱ्या या संस्थेच्या दहा मजली इमारतीत बाहेरगावच्या रुग्णांना नाममात्र शुल्कात राहता येते, शिवाय अल्प दरात डायलिसिस आणि तपासण्या होतात. इथले काम वर्षानुवर्षे सामान्य मध्यमवर्गीय देणगीदारांच्या जिवावर चालत आले आहे. आईवडिलांच्या स्मृतिदिनाला, मुलाच्या पहिल्या पगाराला, निवृत्तीच्या दिवशी लिहिलेला धनादेश.

मुलांसाठी वेगळे काम उभे राहिले ते सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचे. श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने २००६ साली ते सुरू केले. कॉटन ग्रीनला मुंबई बंदराच्या जुन्या वसाहतीतल्या इमारती दुरुस्त करून तिथे कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या मुलांची कुटुंबे राहतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा आणि शेगडी, आठवड्याचा शिधा, रुग्णालयात नेणारी-आणणारी गाडी, मुलांसाठी शिकवणी. हे सगळे विनामूल्य. एक गोष्ट मला विशेष पटली. जेवण शिजवून दिले जात नाही. शिधा दिला जातो आणि आईने आपल्या हाताने, आपल्या पद्धतीने रांधायचे. बिहारची आई भात-चोखा करते, बीडची आई भाकरी थापते. मुलाच्या तोंडाला चव नसताना आईच्या हातचे चार घास जातात हा त्यातला एक भाग. दुसरा असा की घरदार सोडून आलेल्या बाईला दिवसातले दोन तास तरी कुणाकडून काही घ्यावे लागत नाही, ती आपल्या चुलीची मालकीण असते.

टाटा मेमोरियलच्या बालविभागाने ‘इम्पॅक्ट’ ही संस्था उभारून पैसा, निवारा, अन्न, रक्त, शिकवणी आणि समुपदेशन हे एका छत्राखाली आणले. कोणते मूल ठरल्या तारखेला आले नाही हे पाहणे, त्याच्या घरी फोन करणे, न येण्याचे कारण विचारणे, हे काम त्यात आहे. उपचार सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास उतरले. औषध तेच होते. बदलले ते औषधाभोवतीचे सगळे.

मॅडमच्या टेबलापाशी

मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथे बसणाऱ्या प्रशिक्षित समाजसेविकेला रुग्ण ‘मॅडम’ म्हणतात, आणि गंभीर आजारात डॉक्टरांइतकाच या मॅडमचा चेहरा त्यांच्या लक्षात राहतो. अशा एका टेबलापाशी, रुग्णांची परवानगी घेऊन, मी बसले होते.

समोर येणारा माणूस आधी कागद काढतो. शिधापत्रिका, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. डॉक्टरांनी लिहिलेले खर्चाचे अंदाजपत्रक. मॅडम ते वाचतात आणि मग कागदात नसलेले विचारायला लागतात. सध्या कुठे उतरलात? घरी कोण आहे? कर्ज कुणाचे घेतले, सावकाराचे की बचत गटाचे? शाळेचे काय? दहा-पंधरा मिनिटांत त्यांच्या समोरच्या कोऱ्या कागदावर एक आराखडा तयार होतो. इतके योजनेतून बसेल. योजनेत न बसणारे हे इंजेक्शन, त्यासाठी अमुक ट्रस्ट. राहण्यासाठी तमुक धर्मशाळेला चिठ्ठी. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी खासदारांचे पत्र. दुपारचे जेवण हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत ट्रस्टकडे.

मुंबईत वैद्यकीय मदत देणारे विश्वस्त निधी पुष्कळ आहेत. सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना मदत करतो, लालबागचा राजा मंडळ डायलिसिस केंद्र चालवते, जुन्या पारशी, गुजराती, बोहरी न्यासांची नावे तर मॅडमना तोंडपाठ असतात. पण प्रत्येकाची रीत वेगळी. कुणाची मर्यादा छोटी, कुणी फक्त शस्त्रक्रियेला देते, कुणी महिन्यातून एकदाच बैठक घेते, कुणी रुग्ण स्वतः आल्याशिवाय अर्ज घेत नाही. एका उपचाराचा खर्च भागवायला पाच-सहा ठिकाणांहून थोडे थोडे जोडावे लागते. हे वाकळ शिवण्यासारखे काम आहे. पैसे रुग्णाच्या हातात पडत नाहीत. धनादेश रुग्णालयाच्या नावाने येतो, रुग्णाच्या खात्यावर, त्याच्या स्मार्ट कार्डात जमा होतो आणि औषधे-तपासण्यांना त्यातून वळता होतो. यामुळे देणाऱ्याला विश्वास राहतो. अडचण एकच, या पैशातून मुलाला केळे घेता येत नाही की गावाकडच्या आजीला चारशे रुपये पाठवता येत नाहीत.

“लोकांना ऑपरेशनसाठी द्यायला आवडतं,” असे मॅडम म्हणाल्या. “नाव सांगता येतं, फोटो येतो. घरभाड्याला कुणी देत नाही. माझे पेशंट मात्र घरभाड्यापायी परत जातात.”

महाराष्ट्रात कायद्याने दिलेली आणखी एक वाट आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळी ठेवायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे असते. मुंबई-पुण्याच्या नामवंत, चकचकीत रुग्णालयांपैकी कित्येक धर्मादाय न्यासांची आहेत, त्यांना कर आणि जमिनीच्या सवलती मिळालेल्या आहेत. तिथल्या खाटा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. तो हक्क आहे आणि तो धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागून मिळवता येतो. माझ्या घरातल्या एका आजारपणात अशाच एका रुग्णालयात आम्हाला ‘खाट रिकामी नाही’ एवढेच सांगितले गेले. कोणत्या खाटा, किती, कुणाला दिल्या, हे विचारायचे असते हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नव्हते. ज्यांना लिहितावाचता येते अशा आमच्यासारख्यांची ही गत, तर जालन्याहून आलेल्या माणसाने काय करावे? या योजनेची माहिती देणारा कागद रुग्णाच्या हातात ठेवणे हे मी देणगीइतकेच मोलाचे काम मानते.

एका गोळीसाठी सात वर्षे

मुंबईतूनच उभी राहिलेली एक लढाई थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण दान म्हटले की आपण देणगीच्या पावतीपुढे विचार करत नाही.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, सीएमएल. त्यावर इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा हा आजार रोज एक गोळी घेऊन जगता येईल असा झाला. ग्लिव्हेक या नावाने नोव्हार्टिस कंपनी ती विकत असे. महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने अनेक रुग्णांना ग्लिव्हेक मोफतही दिले, हे नोंदवायला हवे. पण मोफत मिळणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. २००३ साली कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले आणि स्वस्त गोळ्यांवर गदा आली, तेव्हा ते लख्ख दिसले.

वाय. के. सप्रू यांनी १९६९ साली मुंबईत स्थापन केलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही तोवर रुग्णांना औषधे, तपासण्या आणि पुनर्वसनाची मदत देणारी संस्था होती. तिने या औषधाच्या पेटंटला चेन्नईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला, कंपनी वर गेली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जुन्याच रेणूला थोडे बदललेले रूप दिले आणि त्याने उपचाराची परिणामकारकता वाढल्याचे दाखवता आले नाही, तर भारतीय कायद्याच्या कलम ३(ड) खाली त्याला पेटंट मिळणार नाही. स्वस्त इमॅटिनिब राहिले.

देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने वकिलांवर आणि खटल्यावर इतकी वर्षे का घालवावी, असे कुणालाही वाटेल. दर महिन्याला शंभर रुग्णांना गोळ्या वाटणे नजरेत भरते. पण गोळीची किंमत खाली ठेवणे हे संस्थेच्या दारी कधीच न येणाऱ्या हजारो रुग्णांना दिलेले दान होते. मला स्वतःला गेल्या पंचवीस वर्षांतले महाराष्ट्रातले हे सर्वांत मोठे वैद्यकीय दान वाटते.

जे बरे होणार नाहीत त्यांचे

मदत देणाऱ्या संस्थांना निवड करावी लागते, आणि ही या कामातली सर्वांत कठीण गोष्ट आहे. पैसा मर्यादित असल्याने बरे होण्याची शक्यता जास्त असलेल्या रुग्णाला आधी, लहान मुलाला आधी, कमावत्या आईला आधी, असा क्रम लागतो. त्यामागचा विचार मला कळतो. तरीही अर्जांच्या त्या गठ्ठ्यात तळाशी राहणारी एक फाइल असते. साठी ओलांडलेला, तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेला, आजार पसरलेला माणूस. त्याला कोण देणार?

वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून शांती अवेदना सदन आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली उभे केलेले हे भारतातले पहिले हॉस्पिस. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही त्याची केंद्रे आहेत. इथे पैसे घेतले जात नाहीत. जखमा धुतल्या जातात, वेदना शमवली जाते. चादर रोज बदलते, जेवण गिळता येईल असे करून दिले जाते, आणि नातेवाईक शेजारी बसू शकतात.

वेदनेचे हे प्रकरण आपण नीट समजून घेतलेले नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. पण अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने ते कित्येक वर्षे रुग्णांपर्यंत पोचत नव्हते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, तरी जिल्ह्याजिल्ह्यांतून ते आजही सहज मिळत नाही. घरी जाऊन अशा रुग्णांना पाहणारी पथके आहेत, त्यात एक डॉक्टर, एक परिचारिका, एक समाजसेवक असतो आणि बहुतेक ठिकाणी हे काम देणग्यांवरच चालते.

अशा एका पथकातल्या परिचारिकेला मी विचारले की जिथे बरे होण्याची आशाच नाही तिथे तुम्ही काय देता? तिने फार वेळ विचार केला नाही. “रात्रीची झोप देतो. मागच्या आठवड्यात एक आजोबा म्हणाले, नातीच्या बारशाला बसून राहायचंय, तेवढं करा. गोळ्यांचा डोस बसवून दिला. बसले दोन तास.” आशा लहान झाली म्हणून तिला खर्च करण्याची लायकी राहत नाही, असे मानणे मला अमानुष वाटते. शंभर रुपये द्यायचे ठरवणाऱ्याने त्यातले दहा तरी या आजोबांसाठी ठेवावेत.

फोटो पाठवलेले बाळ

गेल्या दहाएक वर्षांत मोबाइलवर एक नवी रीत आली आहे. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो, खाली लाखांतली रक्कम, आणि पुढे पाठवा अशी विनंती. या मार्गाने पुष्कळ जीव वाचले आहेत. दुर्मीळ आजारांची कोट्यवधींची औषधे आणि प्रत्यारोपणाचा खर्च यांसाठी दुसरी वाटच नसलेली कुटुंबे आहेत. मी त्या रीतीच्या विरोधात नाही.

पण तिच्यातली असमानता डोळ्यांआड करता येत नाही. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, इंग्रजीत लिहून देणारा भाचा आहे, नोकरदार मित्रमंडळी आहे, त्याचे आवाहन दूर जाते. पदपथावरच्या त्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये गावातलीच पन्नास नावे आहेत आणि त्यांतली निम्मी त्याच्याइतकीच अडलेली. गोंडस बाळाला मिळते, दाढी वाढलेल्या हमालाला मिळत नाही. आणि बऱ्या झालेल्या मुलाचा तो फोटो पुढे त्याच्या शाळेत, त्याच्या लग्नाच्या वेळी फिरत राहिला तर? एका आईने मला सांगितले, “पैसे लागत होते, पण फोटो नको म्हणाले मी. लेक मोठी होईल, तिला विचारल्याशिवाय कसा देऊ?” त्या माउलीला एका ट्रस्टने फोटोशिवाय मदत केली. संस्थेमार्फत द्यायचे ते यासाठीच. तिथे गरज तपासली जाते, पैसा थेट रुग्णालयात जातो आणि घेणाऱ्याची लाज राखली जाते.

पाच दिवसांची पिशवी

सगळे दान पैशाचे नसते. किमोनंतर पांढऱ्या पेशींबरोबर प्लेटलेटही घसरतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागते आणि त्या दिवशी त्या मुलाला प्लेटलेट मिळाल्या नाहीत तर बाकीचा सगळा खर्च, सगळी धडपड फुकट जाऊ शकते. प्लेटलेट कारखान्यात बनत नाहीत. त्या माणसाकडूनच घ्याव्या लागतात. एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, यंत्र प्लेटलेट बाजूला काढते, उरलेले रक्त अंगात परत येते. तास-दीड तास लागतो. अशा एका दात्याकडून मिळालेल्या पिशवीत साध्या रक्ताच्या सुमारे सहा पिशव्यांतून निघतील एवढ्या प्लेटलेट असतात. शरीर त्या लवकर भरून काढते, म्हणून रक्तदानानंतर पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने थांबावे लागते तसे इथे थांबावे लागत नाही. दोन दानांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवून वर्षात २४ वेळांपर्यंत त्या देता येतात.

काढलेली पिशवी सतत हलवत, वीस ते चोवीस अंश तापमानात ठेवावी लागते आणि ती फक्त पाच दिवस टिकते. साठा करून ठेवायची सोयच नाही. महाविद्यालये आणि कार्यालये बंद असतात, लोक गावी जातात, शिबिरे होत नाहीत, म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. किमोची तारीख मात्र दिवाळी पाहून ठरत नाही.

जालन्याच्या त्या मुलाला आता धर्मशाळेत जागा मिळाली आहे, आणि त्याचे उपचार चालू आहेत. अजून दीड वर्ष तरी जायचे आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी असेल. तुमच्या गावच्या किंवा शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीला फोन करून प्लेटलेटदाता म्हणून नाव नोंदवा, आणि शक्य असेल तर याच सुट्टीतला एक दिवस द्या. पैसे द्यायचे असतील तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला झेपेल तेवढी, आणि ‘अमुकच कामासाठी’ अशी अट न घालता द्या, म्हणजे ती घरभाड्यालाही जाऊ शकेल आणि दुधालाही. कुठे द्यावे कळत नसेल, तर जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि तिथल्या मॅडमना विचारा, या महिन्यात काय कमी पडते आहे. त्या सांगतील ते द्या.